फक्त कॉपी-पेस्ट तर करायचंय

"अहो, नवीन एक अक्षर लिहायचं नाहीये. जुनी मॅन्युअल्स आहेत ती उचलायची आणि विकीवर टाकायची. फक्त कॉपी-पेस्ट तर करायचंय," साहेब म्हणाले. (विकी म्हणजे कंपनीतल्या कोणालाही लिहिता-बदलता येतात अशा पानांचं संकेतस्थळ.)

'फक्त' या शब्दाने मला आजवर बरंच छळलंय. 'फक्त एक खिळा ठोकायचाय' म्हणून आणलेल्या माणसाने आमच्या स्वयंपाकघराची नळाची पाइप फोडली होती. तरीही मी मान डोलावली.

आमची पुण्यातली छोटी कंपनी पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. सॉफ्टवेअर युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीवर जन्माला आलं, तिच्याच वळणाच्या लिनक्सवर नांदतंय. त्याची मॅन्युअल्स सर्व्हरच्या एका कोपऱ्यात साठलेली होती, माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखी. कोणी वापरत नाही आणि मोडीत काढायचं म्हटलं तर जीव होत नाही. एकूण फायली २१४. लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले होते.

एका फायलीला पंधरा मिनिटं धरली तर साडेत्रेपन्न तास होतात. सात दिवस मान मोडून बसायचं. मी चारचौघांत म्हणून गेलो, "हाताने कशाला? शेल स्क्रिप्ट लिहितो, आज्ञांची यादी करून संगणकालाच कामाला लावतो. दोन तासांत काम होईल." माझा खरा अपराध काय तो हाच. पुढचं सगळं त्याचं व्याज.

सुरुवातच फायलींच्या नावांनी केली. 'व्याज आकारणी अंतिम खरं अंतिम' असं एका फायलीचं नाव होतं. ते माणसाला कळतं. शेलला, म्हणजे त्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र मोकळी जागा दिसली की दोन वस्तू दिसतात. त्यामुळे माझ्या स्क्रिप्टने 'व्याज' नावाची फाइल शोधली, 'आकारणी' नावाची शोधली, मग 'अंतिम', मग 'खरं', आणि पुन्हा 'अंतिम'. पाचही वेळा "अशी फाइल नाही" असं बाणेदारपणे सांगितलं. नावाभोवती अवतरणचिन्हं टाकायची असतात हे मला वीस वर्षं माहीत आहे. वीस वर्षं मी ती विसरतो आहे.

मग मजकुरात शिरलो आणि पाहतो तर पहिल्या पानापासून सगळी शीर्षकं तोतरी. प्रत्येक अक्षर दोनदा. 'नाव'च्या जागी 'नानावव' असावं तसं. मला आधी वाटलं फाइल खराब आहे. पण शीर्षकं तोतरी आणि खालचा परिच्छेद अस्खलित, असं कसं? याचं मूळ निघालं टेलिटाइपमध्ये. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. तेव्हा मजकूर पडद्यावर यायचा नाही, टंकलेखन यंत्रासारख्या यंत्रावर कागदावर उमटायचा. अक्षर ठळक हवं असेल तर एकदा ठोकायचं, एक घर मागे यायचं आणि त्याच जागी पुन्हा ठोकायचं. आमच्या फायली त्याच रीतीने साठवलेल्या होत्या : अक्षर, मागे-या, तेच अक्षर. मी हुशारी करून ते 'मागे-या' चिन्ह तेवढं वेचून फेकून दिलं होतं. राहिलं काय? अक्षर-अक्षर.

हे निस्तरायला 'कॉल' (col) नावाची एक म्हातारी आज्ञा बहुतेक लिनक्समध्ये कोपऱ्यात बसलेली असते. तिला नुसतं 'उणे बी' म्हटलं की सगळं तोतरेपण जातं. माझा दीड दिवस गेला होता. तिला अर्धा सेकंद लागला. म्हाताऱ्या माणसांना आधीच विचारावं, हे आई मला सांगतेच.

इथवर मी खुशीत होतो. खरी गंमत विकीच्या दारात सुरू झाली.

विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत 'झटपट'. वॉर्ड कनिंगहॅम या गृहस्थांनी होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस पाहिली होती, ते नाव त्यांनी १९९५ मध्ये आपल्या संकेतस्थळाला दिलं. बस झटपट असेलही. पण मॅन्युअल आणि विकी यांची सोयरीक जुळवणं म्हणजे, एका घरात पाहुण्याला पाट देतात आणि दुसऱ्या घरात तोच पाट उचलून मारतात, अशा दोन घरांत मध्यस्थी करणं. चिन्हं दोन्हीकडे तीच, अर्थ मात्र निराळे.

मॅन्युअलमध्ये प्रत्येक ओळ चार बोटं आत सरकवून लिहितात, शिस्त म्हणून. आम्ही वापरतो त्या मीडियाविकीत ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा दिसली की ती ओळ राखाडी चौकटीत जाते. त्यामुळे माझं पहिलं पान उघडलं ते मिठाईच्या दुकानातल्या पुड्यांसारखं. चौकट, चौकट, चौकट. मध्ये रिकामी ओळ आली की नवा पुडा.

मग मी 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेला सांगून ओळींच्या आधीची सगळी मोकळी जागा खरवडून टाकली. आता सेड हा माणूस आज्ञाधारक, पण विचार करणारा नव्हे. सुटीत गावाला जाताना "बागेतलं गवत काढून ठेव" सांगितलं तर तुळसही काढून ठेवणारा. जागा गेली आणि इतके दिवस आत दडून बसलेली चिन्हं थेट ओळीच्या तोंडाशी आली. सेटिंगच्या फायलीत # हे चिन्ह म्हणजे 'ही नुसती टीप, हिच्याकडे लक्ष देऊ नका'. विकीत तेच # म्हणजे 'क्रमांक घाला'. त्यामुळे ज्या ओळींकडे लक्ष द्यायचं नव्हतं नेमक्या त्याच एक, दोन, तीन असे आकडे लावून मानाने बसल्या. 'पायरी पहिली : खालची ओळ बदलू नये. पायरी दुसरी : हे कोणी लिहिलं माहीत नाही.'

दुहेरी चौकोनी कंसांचं त्याहून पुढचं. शेलमध्ये [[ ]] मध्ये अट लिहितात. विकीत तोच दुसऱ्या पानाचा दुवा, आणि पान नसेल तर दुवा लाल. त्यामुळे आमच्या साऱ्या अटी लालभडक झाल्या आणि विकीने 'हवी असलेली पानं' या यादीत पहिल्या क्रमांकावर '-z $1' या पानाची मागणी नोंदवली. हे पान लिहायला कोण घेणार, असं मीटिंगमध्ये गंभीरपणे विचारण्यात आलं.

पण कहर केला क्रॉनने. ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची ओळ पाच खुणांनी सुरू होते : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. 'दर मिनिटाला' म्हणायचं असेल तर पाच तारे. विकीत ओळीच्या सुरुवातीचा तारा म्हणजे यादीतला ठिपका. त्याने पहिला तारा गिळला, ठिपका दिला. पंचतारांकित ओळ चारतारांकित झाली. आमच्या सपोर्टच्या पोराने ती तशीच उचलून एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर टाकली. सर्व्हर म्हणाला, 'वार चुकीचा आहे.' पोराने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवारच होता. त्याने फोनवर तसं ठामपणे सांगितलंही.

दरम्यान मी स्क्रिप्ट सुधारत होतो. सुधारली की चालवायची, आणि चालवली की सगळी २१४ पानं पुन्हा चढायची. अशा नऊ फेऱ्या झाल्या. विकीच्या 'अलीकडील बदल' पानावर माझ्या नावाच्या १,९२६ नोंदी. पानांवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना प्रत्येक बदलाची ईमेल जात होती हे मला चौथ्या फेरीनंतर कळलं, तेसुद्धा साहेबांनी कँटीनमध्ये पाठ थोपटली तेव्हा. "रात्री-रात्री बसून एकेक पान तपासताय! आमच्या पोरांनी शिकावं." पोरं माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती त्यात शिकण्याची इच्छा दिसली नाही.

एकच मॅन्युअल मराठीत होतं, युनिकोड येण्याआधीच्या फाँटमधलं. फाँट नसला की त्यात मराठीचं एक अक्षरही दिसत नाही, नुसत्या कंसांचा आणि टिंबांचा पाऊस पडतो. माझ्या स्क्रिप्टने तो आनंदाने चघळला आणि विकीला त्यात एक तक्ता सापडला. शेवटी छापील प्रत समोर ठेवून अकरा पानं हाताने टाइप केली. एका दुपारी झालं. चहा धरून.

तिसऱ्या आठवड्यात, ४१२ ओळींच्या स्क्रिप्टकडे पाहताना सुचलं, की विकीला 'प्री' नावाची खूण कळते. तिच्या आत जे ठेवाल त्याला विकी हात लावत नाही. ना तारे गिळत, ना आकडे घालत. शीर्षकं तेवढी बाहेर काढायची, बाकीचं सगळं जसंच्या तसं आत कोंबायचं. स्क्रिप्ट उरली एकोणीस ओळींची. ती खरंच दोन तासांत झाली.

दहावी फेरी निर्विघ्न पार पडली. एक पान सोडून.

त्याची कथा अशी. मॅन्युअल लिहिणाऱ्या कोणी एकाने एका शीर्षकाखाली शोभेसाठी चाळीस ~ चिन्हांची रेघ ओढली होती. विकीत तीन ~ म्हणजे लिहिणाऱ्याची सही, चार म्हणजे सही आणि तारीख, पाच म्हणजे नुसती तारीख-वेळ. चाळीसाला पाचाने भाग जातो. नवव्या फेरीत, रात्री दोन चाळीसला, त्या रेघेच्या जागी एकापाठोपाठ एक आठ तारखा उमटल्या, आणि विकीचं घड्याळ ग्रीनिचचं असल्यामुळे आठही ठिकाणी आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. ते पान सकाळी साहेबांनी पाहिलं. त्यांना ते फार आवडलं. "पुनरावलोकनाच्या नोंदी कशा नीट ठेवल्यात बघा," म्हणाले, आणि आदर्श पान म्हणून त्याला कुलूप लावलं. आता ते ना मला बदलता येतं, ना माझ्या स्क्रिप्टला.

परवा नवा मुलगा रुजू झाला. विकी वाचायला सांगितली होती, त्याने खरंच वाचली. "सर, या पानावर एकाच मिनिटाच्या आठ तारखा का आहेत?"

"आठ जणांनी एकदम तपासलंय ते," मी म्हणालो.

त्याने वहीत लिहून घेतलं.