‘गंज हेच कवच’ म्हणे!

‘जगभर आता पूल रंगवतच नाहीत. वेदरिंग स्टीलचा गंजच त्यांचं कवच, देखभाल शून्य. आपल्याकडे रंगाच्या टेंडरसाठी हे तंत्र दडपलंय.’ दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा सोडून दिलं. पण मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तेच वाचून दाखवलं आणि गच्चीवरच्या टाकीखालच्या लोखंडी स्टँडचं रंगकाम रद्द करायचा ठराव मांडला!

अहो, तो स्टँड साध्या अँगलचा आहे. वेदरिंग स्टीलमध्ये तांबं, क्रोमियम, निकेल थोडंथोडं मुद्दाम घालतात, म्हणून त्याच्या गंजाचा थर दाट बसतो आणि पुढचं गंजणं मंदावतं. आपल्या अँगलला नख लावून बघा. पापुद्रा हातात येतो, त्याखाली पुन्हा गंज. ही लोखंडाची वाळवी आहे, आणि तिच्या डोक्यावर पाण्याने भरलेली टाकी.

बरं, खरंखुरं वेदरिंग स्टील आणलं तरी? तो थर जमायला पोलाद भिजून पुन्हा नीट वाळावं लागतं. मुंबईत पावसाळ्यात रुमाल वाळत नाही. वर समुद्राचं मीठ. जपानमध्ये पॅसिफिक किनाऱ्यापासून २ किलोमीटरच्या आत ते न रंगवता वापरायचं, तर आधी हवेतलं मीठ मोजावं लागतं. आपल्या गच्चीवरून चौपाटी दिसते!

‘देखभाल शून्य’ तर सगळ्यात घातक. पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल याच पोलादाचा. २८ जानेवारी २०२२ला बससकट कोसळला; माणसं जखमी झाली, जीव वाचले हे नशीब. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल स्पष्ट आहे: निचरा तुंबला, पुलाच्या पायांवर कचरा आणि ओल साचली, संरक्षक थर बसलाच नाही, पोलाद झिजत गेलं. तपासणीवाले वर्षानुवर्षं दुरुस्ती सुचवत होते, पालिकेने केली नाही. (पिट्सबर्गच्या. गैरसमज नको.)

‘जगभर’ म्हणाल तर अमेरिकेतल्याच मिशिगन राज्याने १९८०मध्ये आपल्या महामार्गांवरच्या पुलांना हे स्टील उघडं वापरणं बंद केलं होतं, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकायच्या मिठापायी.

हं, वेस्ट व्हर्जिनियातला न्यू रिव्हर गॉर्जचा ५१८ मीटर कमानीचा पूल १९७७पासून रंगाविना उभा आहे. रंगाचा खर्च वाचतो, तेही मान्य. पण तो डोंगरात, समुद्रापासून लांब, दरीच्या उंच वाऱ्यात.

राहिलं दडपण्याचं. मालगाडीचे कित्येक डबे याच जातीच्या पोलादाचे बनत आलेत. दडपायचं असतं तर रेल्वेने ते फलाटांसमोरून देशभर पळवले असते का?