टर्बो बदलला नाही, मग बिल कसले? आमचे उत्तर

नमस्कार दादा,

आपण एक स्टार देऊन लिहिलेले वाचले. दुसऱ्या गॅरेजने ‘टर्बो गेला, नवीन टाका’ असे सांगितले होते (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), आम्ही गाडी दोन दिवस ठेवून घेतली, टर्बो बदललाच नाही, धुऊन-पुसून एक पाइप काढून बसवला आणि ३,२०० रुपये लावले. वर आठवड्याने आपण टर्बोचा हवेचा होज (रबरी नळी) काढून पाहिला तर आत तेल आहेच. ‘नुसते पुसून गंडवले’ हे आपले शब्द. चारचौघांत लिहिलेत, म्हणून उत्तरही इथेच देतो. डिझेल गाडी असलेल्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

आधी होजचे बोलू. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या होजमध्ये बोट घातले आणि ते तेलकट झाले, एवढ्यावरून टर्बो गेला असे ठरत नाही. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा गॅस इंजिनच्या पोटात उतरतोच. तो ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर काढणाऱ्या) पाइपाने टर्बोच्या तोंडाशी परत सोडलेला असतो आणि येताना तेलाची वाफ घेऊन येतो. तीच होजला आतून चिकटते. ठणठणीत गाडीतही हा पातळ थर सापडतो, आणि आपल्या फोटोत तेवढाच दिसतोय. होजच्या खालच्या वळणात तेल साठलेले असते, क्लिप सोडताच धार लागली असती, तर गाडी चालूच करू नका असे मीच म्हणालो असतो. डिझेल इंजिनाने ते तेल ओढले की चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, उलट भरधाव सुटते.

आता ‘पुसण्या’बद्दल. गाडी आली तेव्हा टर्बोची खालची बाजू तेल आणि धुळीने काळीकुट्ट होती. अशा अवस्थेत गळती कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेल वरून ओघळते, वाऱ्याने मागे पसरते. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, गॅस्केट गळत असले तरी भिजलेला दिसतो तो टर्बोच. म्हणून आधी धुतले, सुकवले, इंजिन ऑइलमध्ये डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकला, विल्होळीपर्यंत गाडी दामटून आणली आणि शटर ओढून यूव्ही टॉर्चने पाहिले. टॅपेट कव्हर कोरडे. वरून तेल देणाऱ्या पाइपाचा बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) कोरडा. चमक सुरू होत होती ती खाली, टर्बोतले तेल इंजिनात परत नेणाऱ्या रिटर्न पाइपाच्या फ्लँजपासून, म्हणजे तो बोल्टने आवळतात त्या तोंडापासून.

पाइप उतरवला. पूर्वी कधीतरी कुणीतरी तिथे गॅस्केटऐवजी सिलिकॉन भरले होते, आणि तेही सढळ हाताने. बोल्ट आवळल्यावर ते आत दबून आले होते: करंगळीच्या पेराएवढा काळा गोळा, वर कार्बन धरलेला. पाइपाचे तोंड निम्म्याहून जास्त बंद. सिलिकॉनची ट्यूब हातात आली की दाबतच सुटायचे, ही आम्हा मेकॅनिकांच्या लाइनमधली जुनी खोड आहे.

टर्बोचा शाफ्ट (पंख्याचा दांडा) भर वेगात मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल आत येते प्रेशरने, पण बाहेर पडते ते फक्त उताराने. रिटर्न पाइप म्हणूनच तेल आत आणणाऱ्या पाइपापेक्षा जाड ठेवलेला असतो. शाफ्टच्या टोकांना रबरी सील नसते. बारीक धातूची रिंग असते, आणि ती तेल अडवते ते पलीकडच्या हवेच्या व एक्झॉस्टच्या दाबाच्या जोरावर. मोरी तुंबली की न्हाणीघरात जे होते तेच इथे: रिटर्न तुंबला की तेल वर चढते आणि मिळेल त्या फटीतून निघते. इंजिन स्लोवर असताना पलीकडचा दाब कमी, म्हणून तेव्हा जास्त. आपणच काउंटरवर सांगितले होते ना, द्वारका चौकातल्या जॅममध्ये थांबून निघालो की मागे निळा धूर, हायवेला काही नाही. आम्हाला पहिला धागा तिथेच मिळाला.

टर्बोही उघड्या डोळ्यांनी पाहिला, नुसता अंदाज नाही. शाफ्ट आत-बाहेर ढकलून पाहिला, हलत नाही. बाजूला किंचित हलतो, आणि तो हलायलाच हवा. बंद इंजिनात तेलाच्या थराची जागा मोकळी असते. एवढा प्ले (हलण्याची मोकळीक) पाहून पुष्कळ चांगले टर्बो भंगारात जातात. पाती हाऊसिंगला घासल्याची खूण नाही. एअर फिल्टर चोक नाही. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला, दाब गेज लावून पाहिला, कारण तो वाढला तरीही रिटर्न अडतो. तो ठीक निघाला.

नवा टर्बो त्याच पाइपावर चढवला असता तर तोही गळला असता. रिटर्न तुंबलेला निघाला की वॉरंटीचा क्लेमही सहसा बसत नाही. मग आपण याच्या कितीतरी पट रकमेचे बिल हातात घेऊन इथे लिहीत असता.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. बिलात धुणे, डाय, रिटर्न पाइपाची सफाई, दोन्ही गॅस्केट, नवे ऑइल-फिल्टर आणि शोधण्याची मजुरी आहे. शोधणे हेच इथले मोठे काम होते. पार्ट बदलला तरच मजुरी द्यायची म्हटले, तर कुठलाही मेकॅनिक पार्टच बदलत बसेल.

तिसऱ्या दिवशीही धूर दिसला असे लिहिलेत. सायलेन्सरमध्ये उतरलेले तेल जळून जाईपर्यंत थोडा धूर राहणार, हे जॉब कार्डवर लिहून खाली आपली सही घेतली आहे. फोन उचलला नाही म्हणता, तेव्हा गाडीखाली होतो. संध्याकाळी केला तर आपण कट केलात.

तरी शंका असेल तर ऑइल खरेच कमी होते का ते मोजू. डिलिव्हरीच्या वेळी डिपस्टिकची खूण आणि किलोमीटर कार्डवर टाकलेत. आदल्या संध्याकाळी गाडी आणून ठेवा, सकाळी इंजिन गार असताना आपल्यासमोर डिपस्टिक काढतो, रिटर्नचा फ्लँजही टॉर्चखाली दाखवतो. याचे पैसे नाहीत. सिलिकॉनचा तो गोळा काउंटरवर पुडीत ठेवलाय, तोही घेऊन जा. पूर्वी ज्यांनी ते काम केले त्यांना दाखवायला लागेल.