गॅलरीचे कुलूप सहा वर्षांत आमच्यासाठी उघडले नाही

गेली सहा वर्षे मी रोज सकाळी पावणेसहा वाजता मुलीला धावण्याच्या सरावासाठी आमच्या शहरातील महापालिकेच्या स्टेडियमवर नेतो आहे, आणि गेली सहा वर्षे तिथल्या पूर्वेकडील गॅलरीच्या जिन्याला तेच गंजलेले कुलूप व ‘इमारत धोकादायक आहे, प्रवेश करू नये’ हा तोच फलक लटकतो आहे. गॅलरीखालची कपडे बदलण्याची खोली बंद आहे, स्वच्छतागृह बंद आहे, पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना स्वच्छतागृहासाठी पहाटेच्या अंधारात रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जावे लागते. स्टेडियम दुरुस्त करायचे की पाडून नवे बांधायचे, याचा निर्णय ‘विचाराधीन’ आहे, एवढे एकच उत्तर आम्हा पालकांना प्रत्येक अर्जावर मिळते, आणि ते वाचून आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुरुस्ती की नवी बांधणी, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. तो खरा आहे आणि कठीणही आहे. पण त्याचे उत्तर शोधण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. काँक्रीटच्या पृष्ठभागावर हातोडीसारखे उपकरण मारून त्याचा टणकपणा पाहता येतो, त्यातून ध्वनिलहरी सोडून आतल्या भेगा व पोकळ्या शोधता येतात, खांबातून दंडगोल नमुना कापून तो प्रयोगशाळेत दाबून त्याची ताकद मोजता येते, सळईच्या गंजाचा अंदाज विद्युतदाबावरून घेता येतो. हे काम काही आठवड्यांचे आहे. 30 वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी करून घेण्याची सक्ती महापालिकेच्या कायद्यातच आहे, आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीला त्यासाठीची नोटीस अगदी वेळेवर येते. आम्ही वर्गणी काढून ती तपासणी करून घेतो. मग जिथे शेकडो मुले रोज येतात त्या स्वतःच्या इमारतीचा अहवाल हीच यंत्रणा जनतेपुढे का ठेवत नाही?

याहून मोठा राग मला उशिराचा आहे. गॅलरीवरच्या पावसाळी पाण्याचा पाइप माझ्या डोळ्यांदेखत तुटला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात पायऱ्यांवरचे सगळे पाणी स्लॅबमध्ये मुरते आहे. सळई गंजली की ती फुगते, फुगली की बाहेरचे काँक्रीट फोडते, आणि त्या भेगेतून आणखी पाणी आत जाते. पहिल्या वर्षी एक पाइप आणि जलरोधक थर एवढ्यावर भागले असते. तिसऱ्या वर्षी काँक्रीटचे पापुद्रे पडू लागले. आता खालच्या बाजूने सळया उघड्या दिसतात. म्हणजे ज्या इमारतीला दुरुस्त करता आले असते, तिला पाडण्याच्या लायकीची करून ठेवण्याचे काम रोज चालू आहे, आणि उद्या हेच लोक सभागृहात उभे राहून ‘आता पाडण्यावाचून गत्यंतर नाही’ असे सांगतील. त्या नव्या आराखड्यात दर्शनी बाजूला दुकानांचे गाळे असतील, हे मला आजच ठाऊक आहे, कारण एका माजी सदस्यांनी ते आम्हाला अभिमानाने दाखवले होते. धावपट्टी त्यात सहाची चार मार्गिकांची झाली होती.

आणि नवे म्हणजे चांगले, हे तरी कोणी सिद्ध केले आहे? मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 साली उभे राहिले. त्याची मालकी असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात सामन्यांच्या जागांच्या वाटपावरून वाद झाला, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे बांधले गेले. तिथला पहिला कसोटी सामना जानेवारी 1975 मध्ये झाला. ब्रेबॉर्नचे खांब खचले म्हणून काही वानखेडे झाले नव्हते. पुढे डिसेंबर 2009 मध्ये वानखेडे विश्वचषकासाठीच्या नूतनीकरणात अडकलेले असताना श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना खेळवला गेला तो त्याच टाकून दिलेल्या ब्रेबॉर्नवर, आणि सेहवागने तिथे 293 धावा केल्या. 34 वर्षांचे ‘नवे’ स्टेडियम दुरुस्तीला आणि 72 वर्षांचे ‘जुने’ खेळायला तयार! ज्याची निगा राखली जाते ते टिकते, आणि आमच्याकडे निगा हा शब्द अंदाजपत्रकात शोधूनही सापडत नाही.

वानखेडेचे नूतनीकरण जागच्या जागी झाले, लोक आजही चर्चगेटला उतरून पायी जातात, ही गोष्ट मी मनापासून चांगली मानतो. पण त्यात आसने सुमारे 45,000 वरून सुमारे 33,000 वर आली, आणि 2011 च्या अंतिम सामन्याची जेमतेम 4,000 तिकिटे सर्वसामान्यांच्या विक्रीसाठी होती. बाकीची क्लब, संघटना आणि पाहुण्यांची. दुरुस्ती असो वा नवी बांधणी, साधा प्रेक्षक हिशेबात शेवटीच येतो.

पुण्याचे उदाहरण तर मला फार बोचते. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम ही शहराच्या मध्यातली जागा आहे. 1996 च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळले ते याच मैदानावर. कोणत्याही पेठेतला मुलगा डबा घेऊन सायकलने तिथे पोहोचू शकत होता. 2005 नंतर तिथे एकही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही, आणि 2012 मध्ये द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला नवे स्टेडियम उघडले. परदेशी वास्तुरचनाकारांचा आराखडा आला, पण बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आले नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी उन्हात बसलेल्या लोकांना प्यायला पाणी मिळेना, त्यांनी घोषणा दिल्या, आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. नागपुरानेही सिव्हिल लाइन्सचे मैदान मागे टाकून शहराबाहेर जामठा गाठले, आणि 2008 मध्ये तिथल्या पहिल्याच कसोटीत, सौरव गांगुलीच्या शेवटच्या सामन्यात, खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

मात्र याच नागपूरच्या जुन्या मैदानावर 26 नोव्हेंबर 1995 रोजी सामना सुरू असताना भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच ‘जुने ते सगळे वाचवा’ असे मी म्हणत नाही. खांब खरोखर गेले असतील तर गॅलरी पाडा, माझी एका शब्दाचीही हरकत नाही. पण मग ती धोकादायक गॅलरी दरवर्षी 15 ऑगस्टच्या संचलनासाठी रंगवून, कुलूप काढून, शाळांच्या मुलांनी कशी भरली जाते? त्या एका दिवसापुरता धोका कुठे जातो?

आम्ही पालकांनी आता नवा अर्ज दिला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: तपासणीचा अहवाल प्रवेशद्वारावर लावा, तुटलेला पाइप पावसाळ्यापूर्वी बसवा, आणि निर्णय होईपर्यंत मुलींसाठी दोन तात्पुरती स्वच्छतागृहे उभी करा. आवक-जावक कक्षातून पोच मिळाली आहे. पोचेवरचा शिक्का मागच्या पाच अर्जांवर होता तोच आहे, आणि मुलगी उद्या पहाटे पुन्हा रस्ता ओलांडून पंपावर जाणार आहे.