दाजींच्या गाडीचं नीट कौतुक

कौतुक करणं हे अंगमेहनतीचं काम आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. बाळाचं कौतुक एकवेळ जमतं, 'अगदी बाबांवर गेलंय' एवढ्या एका वाक्यात जगातली सगळी बाळं निघतात. नवीन फ्लॅटचं पण जमतं, खिडकीपाशी जाऊन 'हवा मस्त येते हो' म्हटलं की लगेच चहा येतो. पण एखाद्याने जुनी गाडी विकत घेऊन, तिची मोडतोड करून, तिच्यात दुसऱ्या तीन गाड्यांचे अवयव बसवून ती प्रदर्शनात मांडली तर तिच्यासमोर उभं राहून नेमकं काय बोलायचं हे मला आजवर कोणी शिकवलेलं नाही. आणि तो माणूस बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा असला तर मग विषयच संपला.

म्हणजे आमचे साडू. घरात लहानथोर सगळेच त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींनी सिन्नरकडच्या कुठल्यातरी वाड्यातून एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, उचलली, तिच्या मागच्या सीटवर तेव्हा कोंबड्या अंड्यावर बसायच्या, आणि मग ती गाडी वर्ष-दीड वर्ष गॅरेजला आणि दाजी गॅरेजवाल्याच्या शेजारी स्टुलावर असा मुक्काम झाला. शेवटी गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर जुन्या आणि कस्टमाइज केलेल्या गाड्यांचं प्रदर्शन लागलं त्यात ती मांडली गेली आणि आमच्या घरी फर्मान निघालं की रविवारी जायचं आणि नीट कौतुक करायचं. नीट म्हणजे कसं, तर "ताईच्या किचनला तुम्ही नुसतं 'बरंय' म्हणाला होतात, तसं नाही."

रविवारी सकाळी गंगापूर रोडला गाडी लावायला जागा शोधणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. निम्मं नाशिक मिसळ खायला निघालेलं असतं आणि उरलेलं निम्मं मिसळ खाऊन डुलत परत येत असतं. आम्ही कॉलेज रोडच्या एका गल्लीत गाडी टाकली आणि उन्हात चालत आलो, ही वाटेत माझ्याकडून वाक्यं पाठ करून घेत होती.

आत गेल्यावर एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत कळते. अशा प्रदर्शनात गाडी कोणीच बघत नाही. दोरी लावलेली असते, 'कृपया हात लावू नये' अशी पाटी असते, आणि त्या पाटीवर कोपर टेकून एक काका बॉनेटवर टकटक वाजवत असतात. "पत्रा बघा पत्रा, आताच्या गाड्यांना असा पत्रा असतो का?" मग दुसरे काका वाजवतात. साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस फियाटसमोर आला की "आमच्याकडे होती हीच" असं म्हणतो. हीच म्हणजे ह्याच रंगाची, आणि नंबर अमुक, आणि बुकिंग केल्यावर किती वर्षांनी मिळाली, आणि कसारा घाटात पाण्याचा कॅन घेऊन भाऊ कसा उतरायचा. मला तर वाटायला लागलं की त्या काळी नाशकात माणसं कमी आणि फियाटी जास्त असाव्यात, पण आमच्या लहानपणी मात्र आख्ख्या कॉलनीत एकच होती आणि ती पण डॉक्टरांची. मग ह्या सगळ्यांच्या गाड्या लपवून कुठे ठेवल्या होत्या?

बाकी गाड्यांवरून मी भरभर गेलो. जीपा पुष्कळ होत्या. नाशिककराला जीपचं अप्रूप नाही, महिंद्राचा प्लांटच इथे, बोलेरो आणि स्कॉर्पिओ तर आम्ही आमच्या घरच्याच मानतो, पण एका जुन्या लो बॉनेट जीपला इतके मोठे टायर लावले होते की मालक स्वतः स्टूल घेऊन आत चढत होता आणि चढल्यावर ते स्टूल आत घ्यायला कोणीतरी खाली लागायचं. एक कॉन्टेसा होती, काळी, खाली दाबलेली, सगळ्या काचांना काळी फिल्म, तिच्या आजूबाजूला फक्त विशीतली पोरं होती आणि ती सगळी तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होती. एका स्टँडर्ड हेराल्डचं टप काढून टाकलेलं होतं. मालक सांगत होता की हेराल्डचं टप मुळातच नटबोल्टवर बसवलेलं असायचं, पाना घेतला की निघतं, त्यामुळे ह्यात आपण कापाकापी अशी केलीच नाही. मी विचारलं, पावसाळ्यात काय करता? तर म्हणाला, "पावसाळ्यात आम्ही रिक्षाने जातो."

आणि मग दाजींची गाडी आली.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. मॅट फिनिश जांभळा, म्हणजे बाजारात भरताचं वांगं निवडून घेतो ना, डिट्टो तसा, फक्त त्याची चमक काढून घेतलेली. मूळ गाडी ७५ सालची. म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी कंपनीने त्या फियाटला पद्मिनी हे चितोडच्या राणीचं नाव दिलेलं, आणि त्या राणीवर आता दाजींनी हा प्रसंग आणलेला. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं, ते काढून तिथे कुठल्याशा डिझेल गाडीचं बसवलेलं. स्टिअरिंगला असायचा तो गिअर खाली आलेला, त्यामुळे पुढची ती सलग सीट, जिच्यावर पूर्वी तीन माणसं आणि मांडीवर एक पोरगं बसायचं, ती जाऊन दोन बकेट सीट आलेल्या. मी मनातल्या मनात पाठ केलेलं वाक्य शोधत होतो, तेवढ्यात दाजींनी खिशातून रिमोट काढून बटण दाबलं, कुठूनतरी फुस्स असा आवाज आला आणि गाडी खाली बसली. पार जमिनीला टेकली.

"पंक्चर?" माझ्या तोंडून गेलं.

हिने मला चिमटा काढला. दाजी मात्र खूश झाले कारण त्यांना हाच प्रश्न हवा होता. एअर सस्पेन्शन! स्प्रिंगांच्या जागी रबरी फुगे, डिकीत कॉम्प्रेसर, हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. मग त्यांनी मला लोरायडर ह्या प्रकाराचा इतिहास सांगितला आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडला. तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमधली पोरं जुन्या शेवरोले घेऊन त्या खाली दाबायची आणि रविवारी संध्याकाळी एकदम हळू, लोकांना दिसेल अशी फिरवायची. ते सरकारला खुपलं, तर १९५८ सालापासून कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. झालं, तर १९५९ मध्ये रॉन अगीरे नावाच्या पठ्ठ्याने जुन्या विमानांच्या सामानातले हायड्रॉलिक पंप आणून गाडीला बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. म्हणजे ज्या उड्या मारणाऱ्या गाड्या आपण व्हिडिओत बघतो त्या मुळात चलन चुकवण्यासाठी निघालेल्या आहेत हे ऐकून मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. मराठी माणूसच तो, फक्त तिकडे जन्मलेला.

"मग तुम्ही इंदिरानगरहून हिला चालवत आणली का?" मी विचारलं.

दाजी जरा गप्प झाले. टोचन करून आणली होती. एकतर आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने जी गाडी बनवली तिच्यात मूलभूत बदल परस्पर करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच पक्कं केलंय. आणि दुसरं म्हणजे दाजींच्या गल्लीच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे तो कायद्यापेक्षा कडक आहे.

दाजींच्या शेजारच्या स्टॉलवर एक सद्गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या मागे पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची फियाट, जिला आपले लोक डुक्कर फियाट म्हणायचे ती, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी. रंग मूळ, सीट मूळ, घड्याळ मूळ आणि बंद. हे गृहस्थ दाजींच्या गाडीकडे बघत नव्हते. न बघणं किती जोरात करता येतं हे मी तिथे पाहिलं. त्यांच्या गाडीला व्हीए सीरिजची नंबरप्लेट होती. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, फार उलथापालथ न केलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०००० रुपये, मुदत १० वर्षं. दाजींच्या गाडीची पन्नाशी उलटलीय, पण 'मूळ रूपात' ह्या दोन शब्दांवर त्यांचं गाडं अडतं, कारण त्यांच्या गाडीत मूळ म्हणावं असं दारावरच्या तिकोनी काचांशिवाय काही उरलेलं नाही.

"व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही," दाजी मला ऐकू येईल आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला, एवढंच. नुसतं नटवून ठेवायचं, उपयोग काय?"

ते गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "मी रोज पेट्रोल भरायला जातो," ते म्हणाले. "शंभर शंभराचं."

ह्यावर दाजींकडे उत्तर नव्हतं, आणि मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आता नाशकात इंजिनाबद्दल मोठ्याने बोलण्यात एक धोका असतो जो पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायचा नाही. इथे गर्दीतला दर तिसरा माणूस एकतर महिंद्रातून रिटायर झालेला असतो नाहीतर मायकोतून. कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला तरी इथे अजून ती मायकोच, सर्कलसुद्धा मायको सर्कल, आणि तिथल्या माणसाची हयात इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नॉझलमध्ये गेलेली असते. दाजींनी कौतुकाने इंजिन सुरू करून दाखवलं, लोकांनी मोबाईल वर धरले, आणि टोपी घातलेले एक काका पुढे आले, डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत उभे राहिले. आम्ही सगळे गप्प.

"तीन नंबरचं नॉझल," काका म्हणाले.

"काय झालं त्याला?"

"गळतंय."

दाजी म्हणाले अहो कालच सर्व्हिसिंग केलंय. काका म्हणाले, मग कालपासून गळतंय. मग त्यांनी हेही सांगितलं की ह्या गाडीत डिझेल बसवलं त्यात नवल काही नाही, शेवटी शेवटी कंपनीनेच डिझेलची पद्मिनी काढली होती. त्याबरोबर दाजींचा चेहरा पडला. आपण जे धाडस केलं ते कंपनीने आधीच करून ठेवलंय म्हटल्यावर कस्टमायझेशनला काय अर्थ राहिला? मला खरंच वाईट वाटलं त्यांचं, आणि कौतुकाची हीच वेळ आहे हेही कळत होतं, पण काय म्हणू? 'छान' म्हणावं तर आख्ख्या गाडीला म्हणायचं का एखाद्या पार्टला, 'वेगळी आहे' म्हणावं तर ते मराठीत शिवीच्या जवळ जातं, आणि 'बरीच मेहनत घेतली' हे तर आपण जेवण फसलं की म्हणतो. शेवटी मी "डिकी मोठी आहे" असं म्हणालो. दाजी म्हणाले डिकीत कॉम्प्रेसर आहे, जागाच नाही. हिने परत चिमटा काढला, ह्यावेळी दंडाला.

मग ही कुल्फी आणायला गेली आणि दाजी मला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. इकडेतिकडे बघितलं, माझ्या कानाला लागले आणि एकूण खर्चाचा आकडा सांगितला. मी लगेच मनात हिशोब केला, तेवढ्यात बऱ्यापैकी नवीन एसयूव्ही आली असती, इन्शुरन्स, टॅक्स सगळं धरून, आणि सीटकव्हर फुकट मिळाले असते.

"कोणाला बोलू नका," दाजी म्हणाले. "घरी मी टायर आणि रंगाचेच सांगितलेत."

आणि कुठल्या मुहूर्तावर हे बोलले कोण जाणे, समोरून ताई येताना दिसल्या. दाजींना त्याच क्षणी आठवलं की परीक्षकांना चहा द्यायचा राहिलाय आणि ते गेले. गेले म्हणजे दिसेनासेच झाले, एवढा जाडजूड माणूस त्या उघड्या मैदानात लपला कुठे हे मला अजून कळलेलं नाही.

ताई सरळ माझ्यापाशी आल्या. "भाऊजी, तुम्ही बँकेतले माणूस, तुम्हाला अंदाज असतो. खरं सांगा, ह्यात किती घातले असतील ह्यांनी?"

मी गाडीकडे वळलो. "ताई, आधी हा रंग बघा," मी म्हणालो. "नुसता बघा! हा असा जांभळा मी जन्मात बघितलेला नाही, उन्हात वेगळा दिसतो, सावलीत वेगळा दिसतो, आणि मॅट असल्यामुळे त्याच्यावर नजरच ठरते बघा, घसरत नाही. आणि ही चाकं! ह्या चाकांसाठी दाजी कुठे कुठे फिरले असतील. आणि हे खाली बसणं, अहो कॅलिफोर्नियात लोकांनी ह्याच्यासाठी विमानं खोलली होती, विमानं..."

"भाऊजी, मी आकडा विचारला."

"आणि ह्या तिकोनी काचा, ताई! मूळ आहेत ह्या, हात लावून बघा, कोणी काही म्हणत नाही, आणि पत्रा, जरा हा पत्रा तर वाजवून बघा..."