'रेस्टाउराशन' हे नॉर्वेचे 'मेफ्लॉवर' नव्हे
'रेस्टाउराशन' या शिडाच्या जहाजाच्या प्रतिकृतीने 2025 मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर ते न्यूयॉर्क हा प्रवास पुन्हा केला आणि तेव्हापासून एक मजकूर ठिकठिकाणी फिरतो आहे: 1825 मध्ये धर्मछळाने गांजलेले 52 क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचे लोक) या जहाजातून पळाले, अमेरिकेने त्यांचे मनापासून स्वागत केले आणि त्यांच्यामागोमाग नॉर्वेतून स्थलांतराचा लोंढा सुरू झाला. म्हणजे हे जणू 1620 मध्ये धर्मछळाला कंटाळलेल्या इंग्रजांना अमेरिकेत नेणारे 'मेफ्लॉवर' जहाजच.

छळ खोटा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नेपोलियनच्या काळातील युद्धात इंग्रजांच्या कैदेत असताना क्वेकर विचार स्वीकारून मायदेशी परतलेल्या लार्स लार्सन यांच्यासारख्यांना राजमान्य ल्युथरन चर्चच्या बाहेर उपासना करण्याबद्दल खरोखरच जाच सोसावा लागला. मात्र जहाजावरील सगळेच क्वेकर नव्हते. नॉर्वेतील धर्मोपदेशक हान्स निल्सन हाउगे यांच्या धर्मजागृतीचे अनुयायीही त्यांत होते. शिवाय क्लेंग पेअरसन 1821 मध्येच वसाहतीसाठी जागा शोधायला अमेरिकेत गेले होते, म्हणजे हे प्रस्थान पूर्वतयारीने झालेले होते. खासगी धर्मसभांवरील बंदी 1842 मध्ये उठली, 1845 च्या कायद्याने इतर ख्रिस्ती पंथांना मोकळीक मिळाली, तरीही स्थलांतर ओसरण्याऐवजी वाढतच गेले. कारण लोकसंख्या वाढत होती आणि डोंगराळ देशात कसण्याजोगी जमीन तुटपुंजी होती. हे कारण वगळले, तर पुढच्या लाखो लोकांचे जाणे समजणारच नाही.

स्वागताची गोष्ट तर उलटीच आहे. मदिरा बेटावरील फुंशाल बंदरात थांबून, वाटेत एका मुलीचा जन्म झाल्याने 53 माणसांसह, जहाज 9 ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचले. 1819 च्या अमेरिकी कायद्यानुसार जहाजाच्या क्षमतेच्या दर पाच टनांमागे दोनच प्रवासी नेता येत असत आणि या जहाजात ती मर्यादा ओलांडलेली होती. त्यामुळे जहाज जप्त झाले, कप्तानाला अटक झाली आणि 3,150 डॉलर दंड ठोठावला गेला, जो राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी नोव्हेंबरमध्ये माफ केला. आधार दिला तो तिथल्या क्वेकरांनी.

लोंढ्याचे म्हणाल, तर स्थलांतरितांची पुढची जहाजे स्टाव्हांगरहून निघाली ती थेट 1836 मध्ये. खरा बदल घडला तो ब्रिटनने 1849 मध्ये नौकानयन कायदे, म्हणजे आपल्या वसाहतींच्या व्यापारातून परदेशी जहाजांना दूर ठेवणारे कायदे, रद्द केल्यामुळे. त्यानंतर नॉर्वेच्या जहाजांना कॅनडातील क्वेबेकहून ब्रिटनसाठी लाकूड भरता येऊ लागले आणि एरवी रिकाम्या जाणाऱ्या खेपेत माणसे नेणे परवडू लागले. म्हणूनच 1850 आणि 1860 च्या दशकांत शिडाच्या जहाजांनी गेलेले बहुसंख्य नॉर्वेजियन न्यूयॉर्कला उतरलेच नाहीत. ते क्वेबेकहून उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या वाटेने अमेरिकेच्या विस्कॉन्सिनसारख्या भागांत पोहोचले.