‘देश बरोबर निवडा, बाकी आपोआप होते’ वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या सोसायटी ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, मग तोच सासरच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, आणि वरून शाळेतल्या एका मित्राने पर्सनलवर टाकला, "भाऊ, हे तुझ्यासाठीच." त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. फॅमिली घेऊन परदेशात शिकायला जायचं तर देश बरोबर निवडा, बाकी आपोआप होते. कॅनडात मिसेसला लगेच ओपन वर्क परमिट (कोणाकडेही नोकरी करायची परवानगी), युकेत एका वर्षाचं मास्टर्स आणि सगळे सोबत, ऑस्ट्रेलियात बायको फुलटाइम कमावते, अमेरिकेत दोघंही काम करा, जर्मनीत फी नाही म्हणजे खर्चच नाही, पोरांची शाळा सगळीकडे फ्री. आणि शेवटी, "आधी एकटे जा, सेटल व्हा, मग फॅमिली बोलवा."

आमच्या घरी मामला उलटा आहे. शिकायला बायको चालली, मी मागून. ती ३४ ची, स्ट्रक्चरल इंजिनिअर, पोरगी सहा वर्षांची, मी बुटीबोरीत एका कंपनीत क्वालिटीला. म्हणजे त्या फॉरवर्डमधली "मिसेस" मी आहे. आठ महिन्यांपासून जेवणं झाली की आम्ही दोघं नियमच वाचून राहिलो, म्हणून गप्प बसवलं नाही.

कॅनडापासून घ्या. तिथलं परमिटचं एकेकाळी बरंचसं खरं होतं, म्हणून तर लोकांना पटते. पण १९ मार्च २०२४ पासून डिप्लोमा आणि साध्या बॅचलर्सवाल्यांच्या जोडीदाराला ते बंद झालं, काही ठरावीक प्रोफेशनल डिग्र्या सोडून. मग २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सही कमीत कमी १६ महिन्यांचं लागते. बारा महिन्यांचं मास्टर्स घेतलं तर बायको वर्गात आणि नवरा घरी, वर्षभर. आम्हाला इथल्या एका एजंटने एक वर्षाचा पीजी डिप्लोमा दाखवला होता, फी कमी, कॉलेज चकाचक, फोटोत बर्फ. मी विचारलं, मला परमिट मिळेल का? तर म्हणे, "होऊन जाईल ना सर." हे "होऊन जाईल" ऐकलं की आता मला घामच फुटते. आणि पैसे दाखवायचे ते वेगळेच, १ सप्टेंबर २०२५ पासून क्यूबेक प्रांत सोडून बाकी कॅनडात तिघांच्या घराला ३५,०४० कॅनेडियन डॉलर, त्यात कॉलेजची फी नाही, विमानाचं तिकीट नाही.

युकेचं तर सरळ चूक आहे. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्गात शिकायच्या मास्टर्सवर नवरा-बायको-पोरं नेताच येत नाही. अपवाद रिसर्चवाल्या डिग्रीचा, पीएचडीचा, आणि सरकारी पैशावर शिकणाऱ्यांचा. हा शेवटचा अपवाद आपल्याकडे कोणी सांगत नाही, राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवाल्यांनी तरी तो नीट वाचावा, आपल्या शिष्यवृत्तीच्या पत्रावर तो लागू होते का हे युनिव्हर्सिटीला लिहून विचारावं. आणि कोणी म्हणेल की शिक्षण झाल्यावर ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे तिथं नोकरीसाठी थांबायच्या व्हिसावर, बोलवून घेऊ, तर तेही जमत नाही, त्या व्हिसावर आधीपासून डिपेंडंट (सोबत आलेले घरचे) म्हणून तिथं असलेलेच राहू शकतात.

अमेरिकेचं दोन वाक्यात होते. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या व्हिसावर, जोडीदाराला काम करता येत नाही, एक तासही नाही, आणि शिकणारा ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या मुदतीत, नोकरी करत असला तरी नाही, म्हणजे दोन वर्षं मास्टर्स आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर ओपीटीची एक अधिक दोन धरून पाच वर्षं जोडीदाराची कमाई शून्य. पोरांची सरकारी शाळा मात्र खरंच फ्री आहे.

ऑस्ट्रेलियावर आमचा जीव अडकला होता, खरं सांगतो. फॉरवर्ड इथं अर्धं बरोबर आहे: मास्टर्स किंवा पीएचडी असेल तर कोर्स सुरू झाल्यावर जोडीदाराच्या कामाला तासांची मर्यादा नाही, खालच्या कोर्सला पंधरवड्याला ४८ तास. मी तर तिथल्या क्वालिटीच्या नोकऱ्या शोधायलाही लागलो होतो. मग एका रात्री बायको म्हणाली, "अरे, वय पाहिलं का?" १ जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसाला वयाची अट ५० वरून ३५ वर आणली, अर्ज करताना ३५ च्या वर नको, रिसर्च मास्टर्स आणि पीएचडी सोडून. ती आज ३४, दोन वर्षांचा कोर्स, संपेल तेव्हा ३६. त्या रात्री ऑस्ट्रेलियाची फाइल बंद केली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात बावीस वर्षांचं पोट्टं असते, पण बायको-पोरं घेऊन निघणारा माणूस बहुतेक वेळा तिशीच्या पुढचाच असते ना बाप्पा.

शाळा सगळीकडे फ्री हेही तिथंच मोडते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला शाळेतल्या प्रत्येक पोरामागे वर्षाला १३,५०२ ऑस्ट्रेलियन डॉलर फी दाखवावी लागते, आपले सात-आठ लाख! कॅनडात पोरांना वेगळं स्टडी परमिट लागत नाही, पण फी घ्यायची की नाही हे प्रांत आणि तिथलं स्कूल बोर्ड ठरवते, त्यामुळे युनिव्हर्सिटीला नाही, बोर्डाला मेल करा.

आता जर्मनी. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही हे खरं, तरी बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. खर्च नाही हे मात्र खोटं, एकट्या विद्यार्थ्याच्याच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवा लागतात, फॅमिलीचं त्याच्या वर. जोडीदाराला सहसा ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचं जर्मन, पास लागते. मी ती परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात देणार आहे, सध्या बसमध्ये "डेअर, डी, दास" घोकत जातो आणि बाजूचा माणूस सरकून बसते. पण एकदा व्हिसा मिळाला की मला तिथं कोणतीही नोकरी करता येते, हे फॉरवर्डमध्ये नाहीच! दुसरं जे नाही ते दवाखान्याचं. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि पोरं फुकटात येतात, पण विद्यार्थ्यांचा स्वस्त दर ३० वर्षांपर्यंतच. तिशीच्या वर बाहेरून येणाऱ्याला बहुतेक प्रायव्हेट विमा घ्यावा लागते, मग माणशी वेगळा हप्ता. वय पुन्हा आडवं आलं.

आणि "आधी एकटे जा" हा सल्ला कोणी दिला त्याचे पाय धरावेसे वाटतात. ऑस्ट्रेलियात पहिल्याच अर्जात घरच्यांची नावं लिहिली नाही तर नंतर बोलवणं अडकते, मग ते सोबत येवोत की न येवोत. युकेचं वर सांगितलंच. सहा वर्षांच्या पोरीला आजीकडे ठेवून वर्षभर व्हिडिओ कॉलवर दाखवायचं हे मला तरी जमणार नाही, ज्याला जमते त्याने जावं.

आम्ही आता देशाचं नाव शेवटी पाहतो. आधी कोर्स वर्गातला की रिसर्चचा, किती महिन्यांचा, संपताना तिचं वय किती, आणि उतरल्याच्या दिवशी माझ्या व्हिसावर कामाबद्दल काय लिहिलं असेल. एवढं चाळल्यावर दोनच उरले, कॅनडातलं दोन वर्षांचं थिसिसवालं मास्टर्स आणि विमा महाग धरून जर्मनी. मार्चपर्यंत ठरवाचं आहे, कारण एप्रिलमध्ये पोरीच्या शाळेची पुढच्या वर्षाची फी भरायची की टीसी काढायचा ते सांगा लागते.