दुसरी किल्ली म्हणजे आत शिरायचा परवाना नव्हे

'घरमालकांनो, आपले हक्क ओळखा' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमधल्या ग्रुपवर फिरतोय. धुळ्याच्या देवपुरात खोली घेऊन नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीला तो तिच्या घरमालकांनीच पाठवला, खाली 'वाचून घे' असं लिहून. मेसेज थोडक्यात असा: घर तुमचं आहे, लिव्ह अँड लायसन्समध्ये (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या करारात) भाडेकरूला फक्त परवानगी असते, ताबा नसतो. म्हणून दुसरी किल्ली ठेवा, कधीही आत जाऊन पाहणी करा, एजंटलाही पाठवा. भाडं थकलं तर वीज-पाणी तोडा. आत कॅमेरा बसवा.

वाचून घेतलं. आता उत्तर.

लायसन्समुळे भाडेकरूला घरात मालकीसारखा कुठलाही हक्क मिळत नाही, एवढं खरं आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 52 तेच सांगतं. पण त्यावरून 'कधीही आत जा' हे कुठून आलं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 28 याच विषयावर आहे आणि ते एका वाक्याचं आहे. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे, मात्र वाजवी वेळी आणि भाडेकरूला, लायसन्सधारकाला किंवा तिथे राहणाऱ्याला आधी सूचना देऊनच. लायसन्सवर दिलेली जागा त्यात नाव घेऊन आली आहे. म्हणजे ज्या लायसन्सच्या जोरावर मेसेज उभा आहे, त्याच लायसन्सधारकाला कायद्याने सूचनेचा हक्क दिलाय. मेसेज लिहिणाऱ्याने हे कलम उघडूनही पाहिलेलं नाही.

कलम शोधायचं नसेल तर घरातला करारनामा काढा. ऑनलाइन नोंदणीच्या छापील मसुद्यात 'इन्स्पेक्शन' नावाचं कलम असतं. मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतराने जागा पाहू शकेल, असं त्यात म्हटलेलं असतं. मालकाने स्वतः अंगठा उमटवून हे मान्य केलेलं आहे. एजंटचं उत्तरही त्यातच आहे: मालकाने त्याला प्रतिनिधी म्हणून पाठवलं असेल तर तो सूचना देऊन येईल, नाहीतर येणार नाही. नवं गिऱ्हाईक दाखवायच्या नावाखाली रविवारी दुपारी चार माणसं घेऊन दार वाजवणं यात बसत नाही.

आता भाडेकरूंच्या बाजूने फिरणारी एक चूकही सांगायला हवी. 'चोवीस तास आधी लेखी सूचना' ही अट केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यातली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आपल्याकडे 1999 चाच कायदा चालतो. त्यात तास लिहिलेले नाहीत. म्हणून तास करारातच लिहून घ्या, तेही अंगठा द्यायच्या आधी: '24 तास आधी मेसेज, सकाळी 9 ते संध्याकाळी 7, भाडेकरू घरी असताना.' आग, गॅसगळती, फुटलेली पाइपलाइन हे अपवाद लिहा. तिथे सूचनेची वाट पाहत बसा असं कुणीच म्हणणार नाही.

खानदेशात खरी भानगड होते ती पाण्यावरून. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी, आणि मोटर किंवा व्हॉल्व्ह भाडेकरूच्या मोरीत. पाणी आलं की मालक किल्ली लावून सरळ आत, मग पोरगी झोपलेली असो की आंघोळीला गेलेली. हे सगळ्यात वाईट, कारण यात कुणाला काही गैर वाटतच नाही. प्लंबरकडून व्हॉल्व्ह आणि मोटरचं बटण बाहेर, जिन्याखाली काढून घेतलं की प्रश्न मिटतो. तोवर पाण्याच्या दिवशी व्हॉल्व्ह भाडेकरूने फिरवायचा, हे करारात टाका.

किल्लीचं म्हणाल तर नाइट लॅच बाहेरून किल्लीने उघडतं, त्यामुळे घरात असताना आतली कडी लावायचीच. बाहेर जाताना कोयंड्याला स्वतःचं कुलूप. लॅच बदलायचं असेल तर मालकाला कळवून बदला आणि जुनं जपून ठेवा, घर सोडताना परत बसवून द्यावं लागेल.

तरीही कुणी आत आलंच, तर त्याच दिवशी मेसेज टाका: 'आज अमुक वाजता मी नसताना आपण घरात आलात. यापुढे आधी कळवल्याशिवाय येऊ नये.' हे का, तर भारतीय न्याय संहितेच्या अतिक्रमणाबद्दलच्या कलम 329 मध्ये प्रश्न मालकीचा नसून ताब्याचा, म्हणजे प्रत्यक्ष तिथे कोण राहतं याचा आहे. पण धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक आगंतुक भेट गुन्हा ठरत नाही. लेखी नकारानंतरही कुणी आत शिरलं, तर 'सहज आलो होतो' म्हणणं अवघड जातं. गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद आहे.

सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडण्याला 1999 च्या त्याच भाडे कायद्याचं कलम 29 मनाई करतं, आणि भाडेकरू कोर्टात अर्ज करू शकतो. मुदत संपूनही कुणी घर सोडत नसेल तर मालकाला कलम 24 आहे: सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा, भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मिळते. मग वीज-पाणी तोडायची गरजच काय?

कॅमेरा गेटवर लावा, जिन्यात लावा. खोलीत किंवा मोरीच्या खिडकीवर रोखलेला कॅमेरा बाईचं खासगी चित्रण करत असेल तर न्याय संहितेचं कलम 77 लागतं, आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्ष कैद आहे.

हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या मालकांनी आधी स्वतःचा करार नोंदवलाय का ते बघावं. भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं.